न तुटणारी जागा

आधी वहिनींचं सांगते. बाकीच्यांचं सांगायला लागले की माझी जीभ सुटते, आणि मग चांगलं माणूस राहून जातं.

वहिनी म्हणजे आमच्या मालकांच्या सूनबाई. सांगलीत विश्रामबागेत ज्या फ्लेक्सच्या दुकानात मी कामाला होते, त्याच्या वरच्या मजल्यावर त्यांचं घर. त्या कराडला इंजिनिअरिंग शिकलेल्या, तेही कॉम्प्युटरचं. त्या घरात त्यांच्या शिक्षणाचा एकच उपयोग व्हायचा, सासऱ्यांच्या मोबाईलवरून विजेचं बिल भरणं. मी नववीतून शाळा सोडलेली, भंडाऱ्याकडची. आज सातारला बसून जे काम करते, ते मला या बाईंनी शिकवलं. आणि शिकवण्याच्याही आधी त्यांनी एकदा भर दुकानात माझ्यासाठी तोंड उघडलं. ते त्यांना महागात पडलं, मला नाही. म्हणून पहिलं नाव त्यांचं. नाव म्हणजे नातं, खरं नाव मी इथे लिहिणार नाही. त्यांना अजून त्याच घरात राहायचं आहे.

आता बाकीच्यांचं.

आमच्याकडून सांगलीला थेट येणारी एकच गाडी आहे. सगळा महाराष्ट्र आडवा कापत येते आणि प्रत्येक स्टेशनावर अशी रेंगाळते की जणू तिलाच यायचं नाही. त्या गाडीने मी ताईकडे आले. भाऊजी सांगलीत एका कारखान्यात होते. मी मराठी टायपिंग शिकले, फ्लेक्सच्या दुकानात चिकटले, आणि इतक्यात भाऊजींची बदली लोणंदला झाली. ताई म्हणाली, "तू बी चाल." मी म्हटलं, नाही. लोणंदला मी कोण? ताईची बहीण. इथे मी निदान मशीनवर बसणारी होते. मालकांनी दुकानामागची खोली राहायला दिली. म्हणजे झालं असं की काम गेलं की खोली गेली, आणि खोली गेली की परत ती रेंगाळणारी गाडी. गावाहून निघताना बाबा आईला म्हणाले होते, "येते पाय परत, दिवाळीच्या आत." आमच्याकडे पाय म्हणजे बघ. वाईट मनाने नाही, हवामान सांगावं तसं. मला ते वाक्य रोज आठवायचं. कुणी मोठ्याने हाक मारली तरी वाटायचं, आता काढतात.

मालक वाईट नव्हते. वाईट व्हायलाही थोडी कष्टाची तयारी लागते. सकाळी अगरबत्ती ओवाळायची, गल्ल्यामागे बसायचं आणि आल्या-गेल्याला "आपलं काम म्हणजे एक नंबर" सांगायचं, एवढ्यात त्यांचा दिवस जायचा. धंद्याबद्दल त्यांचं मत एकच: मोकळी जागा म्हणजे वाया गेलेला फ्लेक्स. त्यामुळे आमच्या दुकानाचा नियमच होता की प्रत्येक ओळ या कडेपासून त्या कडेपर्यंत ताणायची. ओळ छोटी असेल तर अक्षरं मोठी होणार, लांब असेल तर बारीक. म्हणून ओळ कुठे तोडायची हे कळणं म्हणजेच आमचं काम. बाकी सगळं मशीन करायचं.

आणि गिऱ्हाईक कसलं. कागदावर एका दमात लिहून आणायचं: आपल्या सर्वांचे लाडके, युवकांचे प्रेरणास्थान, दिलदार मनाचे राजा माणूस, गोरगरिबांचे कैवारी. प्रेरणास्थान बाहेर मोटारसायकलवर बसून गुटखा थुंकत असायचं. खाली शुभेच्छुकांची नावं, त्यात एखादं राहिलं तर गावात भावकी फुटणार. एवढा सगळा शेणकाला मी ओळीत बसवायची. मी नववीपर्यंतच शिकले, पण एवढं मला दिसायचं की "यांना" हा शब्द एकटा एका ओळीवर सोडला की तो ताणून भिंतीएवढा होतो आणि ज्याचा वाढदिवस तो मुंगीएवढा. मग मी एक शब्द वर ढकलायची, एक खाली ओढायची. वर्षभर हेच. हात बसला होता.

मग जावईबापू आले.

मालकांचे जावई पुण्याला मोठ्या कंपनीत. त्यांच्याबद्दल बोलताना मालकांचा आवाज देवघरात असल्यासारखा व्हायचा. सून वरच्या मजल्यावर इंजिनिअर बसलेली आहे, हे त्या माणसाला माहीत होतं, पण ते सोफ्याला पाय आहेत हे माहीत असावं तसं. जावईबापूंनी एका रविवारी जेवण झाल्यावर, बोटं पुसत, सांगितलं की या कामाला माणूस लागतंच कशाला. गिऱ्हाईक मोबाईलवर मजकूर टाकेल, प्रोग्राम त्याच्या ओळी पाडेल, थेट छपाई.

"आन् ही पोरगी?" मालकांनी विचारलं. मी तिथेच होते. माझ्यासमोरच विचारलं, खुर्चीचं काय करायचं विचारावं तसं.

"दुसरं काहीतरी द्या ना तिला," जावई म्हणाले. "किंवा नका देऊ."

त्या दिवसापासून मी दिवस मोजायला लागले.

त्यांचा पहिला प्रोग्राम अक्षरं मोजून ओळ तोडायचा. अमुक अक्षरं झाली की खटकन कापायचं, मग तिथे शब्द असो की शब्दाचं पोट. "हार्दिक शु" एका ओळीवर आणि "भेच्छा" दुसऱ्या. एकदा तर नुसती वेलांटीच खाली आली, अक्षर वर राहिलं. निराधार वेलांटीच्या शेजारी मशीनने ठिपक्यांचं एक गोल काढून दिलं, जणू इथे कुणीतरी अक्षर होतं हो, तुम्ही पाहिलंत का. मी ते दाखवलं तर जावईबापू फोनवर म्हणाले, "फॉन्टचा प्रॉब्लेम आहे." शिकलेल्या माणसाची चूक सापडली की ती नेहमी फॉन्टची असते.

दुसऱ्या प्रोग्रामने शब्द सांभाळले, पण पहिल्या ओळी ठासून भरायच्या आणि उरेल ते शेवटी. झालं. मिरजेच्या एका वाढदिवसाला "यांना" एवढं मोठं छापून गेलं की लोक विचारायला लागले, यांना म्हणजे कुणाला. तिसऱ्या वेळी मात्र जावईबापूंनी डोकं चालवलं. एकूण मजकूर मोजायचा, त्याला ओळींनी भागायचं, आणि त्या हिशोबाला जवळ जी मोकळी जागा असेल तिथे तोडायचं. सगळ्या ओळी सारख्या. पडद्यावर दिसलं तेव्हा मालकांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

"बघ, बघ," मला म्हणाले. "हे असतंय डोकं. सगळ्या ओळी एका मापाच्या."

खरंच होत्या. कोपऱ्यात लावलेल्या विटांसारख्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला मशीनवरून उठवून फ्लेक्सच्या कडेला पितळी रिंगा ठोकायला बसवलं. छापील बाजू खाली, कोरी बाजू वर, कड दुमडायची, भोक पाडायचं, रिंग घालायची, हातोडा मारायचा. काय छापलंय ते आता माझं काम नाही, असं बजावून सांगितलं.

आमचे फ्लेक्स लावायला जाणारे एक काका होते, कराडकडचे, शिडी आणि सुतळी घेऊन हिंडणारे. त्यांनी मला खाली बसलेली पाहिलं.

"काय गं, परमोशन झालं म्हणायचं."

"झालं काका."

"बरं हाय. मशीनपुढं बसून डोळं जात्यात. हितं नुसती बोटं जातील."

महिनाभर बोटं सांभाळत मी रिंगा ठोकल्या आणि प्रत्येक रिंगेला वाटायचं की ही शेवटची. कारण रिंगा ठोकायला काकाही पुरेसे होते, हे मालकांना कधीतरी सुचणारच होतं.

त्याच महिन्यात कराडजवळच्या एका गावातून सुभेदारांचं काम आलं. त्या भागात हे फार मानाचं असतं. फौजेतली नोकरी पुरी करून माणूस घरी येतो तेव्हा गाव त्याला स्टेशनवरून आणायला जातं. उघडी जीप, हलगी, दारादारात औक्षण, आणि गावच्या कमानीवर आडवा मोठा फ्लेक्स. मजकूर घरच्यांनी मोबाईलवरून पाठवला होता. आधी सुभेदारांचं नाव, मग स्वल्पविराम, मग कै. आणि वडिलांचं नाव, यांचे सुपुत्र, भारतीय सैन्यदलातून सेवानिवृत्त होऊन येत आहेत, हार्दिक स्वागत. साधा, सरळ मजकूर. आमच्याकडे आलेला तेवढाच एक मजकूर ज्यात कुणी राजा माणूस नव्हतं.

प्रोग्रामने तो मोजला, भागला आणि सारख्या ओळी पाडल्या. पहिली ओळ सुभेदारांच्या हुद्द्याची आणि नावाची, पण मापाला थोडी तोकडी पडत होती, तर तिच्या शेवटी स्वल्पविरामानंतरचं "कै." ओढून घेतलं. पुढच्या ओळीला वडिलांचं नाव, कै. शिवाय. माप एकदम बरोबर. ओळ ताणून, लाल रंगात, सुभेदारांच्या वर्दीतल्या फोटोच्या वरच. ते बघायला कुणी नव्हतं. मी कोऱ्या बाजूवर हातोडा मारत होते. काकांनी संध्याकाळी जाऊन कमानीवर ताणून बांधला, सुतळी घट्ट आहे का तेवढं पाहिलं आणि आले.

सकाळी दुकान उघडलं, अगरबत्ती अर्धी जळाली नाही तोवर जीप येऊन थांबली. सुभेदारांचे चुलते आणि बरोबर भावकीतली चार-पाच माणसं. चुलत्यांनी फेटा बांधलेला होता, मिरवणुकीसाठी बांधलेला, आणि तो फेटा घेऊनच ते भांडायला आले होते.

"मालक कोण हाय?"

"मीच की. बसा, बसा. चहा सांगतो." मालकांनी वर हाक दिली, "सूनबाई, चहा."

"च्या नगं. आमचा पोरगा जित्ता हाय. दुपारच्याला कराडात उतरतोय. आन् तुमी त्याच्या नावाला कै. चिकटवून कमानीवर टांगलाय."

मालकांनी मोबाईलवरचा फोटो पाहिला. जवळ नेला, लांब नेला. मग म्हणाले, "तसं नाही हो. ते कै. खालच्या ओळीतलं आहे. खालची ओळ पण वाचायची ना."

"खालची ओळ वाचाय थांबतंय कोण?" चुलते म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी, उलट उतरवला. "आमची वयनी, त्याची आई, कमानीखाली आली सडा टाकाय. तिनं वरची तेवढीच वाचली आन् खाली बसली. अजून उठली न्हाई. एवढी वर्सं पोस्टमन गल्लीत आला तरी तिच्या छातीत धस्स व्हायचं. आन् आज, तो घरी येणार तवा, तुमी वाचाय दिलं."

मालकांनी इकडेतिकडे पाहिलं. माणूस अडचणीत आला की आधी आपल्यापेक्षा खालचं कोण आहे ते शोधतो. त्यांना फार शोधावं लागलं नाही, मी जमिनीवरच बसले होते.

"ही पोरगी," ते म्हणाले. "विदर्भातली. नववीतनं शाळा सोडलेली. हिला काय कळतंय, कै. काय आणि श्री. काय. दयेनं ठेवून घेतली, हे फळ. आजच्या आज हिला गाडीत बसवतो, मग तर झालं?"

माझ्या हातात हातोडा होता. तो खाली ठेवायचं सुचेना. डोक्यात एकच चाललं होतं: गाडी दुपारी असते. खोलीतलं सामान एका पिशवीत मावेल. बाबांना काय सांगायचं.

जिन्यावर पावलं वाजली. वहिनी चहाचा ट्रे घेऊन आल्या होत्या. त्यांनी ट्रे गुंडाळलेल्या फ्लेक्सच्या ढिगावर ठेवला, पदर नीट केला आणि म्हणाल्या, "आण्णा, ती मशीनवर नव्हतीच. महिना झाला रिंगा ठोकतेय. ओळी प्रोग्राम तोडतो. प्रोग्राम आपल्या जावयांचा आहे."

एवढंच. ओरडल्या नाहीत, हात हलवले नाहीत. बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं सांगितलं. पण परक्या माणसांसमोर जावयाची चूक सांगणं त्या घरात काय होतं, हे मालकांच्या तोंडावर दिसलं. कानशिलं लाल झाली.

"तू वर जा."

"आन् तुमी कोण?" चुलत्यांनी विचारलं.

"मी यांची सून."

"तुमाला करता येतंय का नीट?"

"येतं."

"मग वर कुठं जाताय? तेवढं करा आन् चला. आवं मालक, बघताय काय, सरका की त्या मशीनपास्नं."

मालक सरकले. गिऱ्हाईक पाच जण असले आणि त्यांच्या बाजूने खरं असलं, की मालकासारखा आज्ञाधारक माणूस नाही.

वहिनी मशीनसमोर बसल्या आणि मला म्हणाल्या, "तू ये इथं. तुला या ओळी माहीत आहेत." मला वाटलं एक छोटं कोरं स्टिकर वर चिकटवायचं, एक "कै." खाली चिकटवायचं, झालं. वहिनींनी विचारलं, "खाली चिकटवायला जागा कुठं आहे?" खरंच नव्हती. या कडेपासून त्या कडेपर्यंत ताणलेल्या ओळी. मालकांच्या हट्टापायी, गेलेल्या माणसाला कै. लावायचीही सोय उरली नव्हती. म्हणून आम्ही दोन्ही ओळी नव्याने केल्या. लांब पट्ट्यांवर, मागे चिकट असलेल्या, त्याच लाल रंगात. वर हुद्दा आणि सुभेदारांचं नाव, आणि नावाच्या दोन्ही बाजूंना थोडी मोकळी जागा. खाली कै. आणि वडिलांचं नाव एकत्र. मालक मोकळ्या जागेकडे बघत राहिले.

जीपमध्ये पुढे चुलते, मागे आम्ही दोघी आणि शिडी सांभाळत काका. रस्ताभर दोन्हीकडे ऊस. मी वहिनींना हळूच म्हटलं, "आता तुमाले बोलतील." त्या म्हणाल्या, "बोलतील की."

कमानीवर आमचा फ्लेक्स होताच, शिवाय इतरांचेही होते. गावात कुणाच्या तरी घरचा फौजी येतो तर त्याच्या स्वागताच्या फ्लेक्सवर अर्धी जागा तालुक्यातल्या पुढाऱ्यांच्या फोटोंना. हात जोडलेले, दात दिसणारे, वर्दी न घातलेले. यांच्यातल्या एकाच्याही मागे कधी कै. लटकलं नव्हतं, कारण त्यांचा मजकूर मालक स्वतः तपासायचे. कमानीच्या कट्ट्यावर सुभेदारांची आई बसली होती. जांभळं लुगडं, शेजारी औक्षणाचं ताट, निरांजन अजून न लावलेलं. कुणी पाणी देत होतं, ती घेत नव्हती.

काका शिडीवर चढले, मी खालून पट्टी धरली, वहिनी लांब उभ्या राहून तिरकं जातंय का बघत होत्या. वरची बसली. खालची बसवताना काकांच्या हातून एक घडी पडली, ती त्यांनी नखाने सरळ केली आणि पुटपुटले, "आजपतूर श्रद्धांजलीची लय म्हातारीकोतारी टांगली, पर जित्त्या माणसाचं असं कवा झालं न्हाई."

खाली उतरून पाहिलं तर म्हातारी माझ्याकडे बघत होती.

"वाच बघू आता," ती म्हणाली. "मोठ्यानं वाच."

मी वरची ओळ वाचली. हुद्दा, नाव. मग खालची, कै. पासून.

"कै. कुणाच्या म्होरं हाय?"

"त्यांच्या वडिलांच्या."

"व्हय," ती म्हणाली. "ते खरं हाय." आणि पाण्याचा तांब्या घेतला. दोन घोट पिऊन झाल्यावर मला विचारलं, "तू कुठली?"

"भंडाऱ्याची."

"लय लांब की गं. आई हाय?"

"आहे."

"मग तिला फोन कर. जित्ती हाय म्हनून सांग. आयांना तेवढंच पायजे असतंय."

मिरवणूक आली तेव्हा आम्ही बाजूला उभे होतो. सुभेदार जीपमध्ये उभे, गळ्यात एवढे हार की मान वळत नव्हती. त्यांनी फ्लेक्सकडे पाहिलंसुद्धा नाही. आईकडे पाहत होते. बाकी सगळे मोबाईल वर करून पुढाऱ्याचा फोटो काढत होते, जो वेळेवर येऊन आईच्या आणि मुलाच्या बरोबर मध्ये उभा राहिला होता. मला त्या माणसाचं कौतुकच वाटलं. मोकळी जागा दिसली की ताणून बसायचं, हे त्याला आमच्या मालकांनी शिकवलं असावं.

निघताना चुलत्यांनी मालकांना फोन लावला. आमच्यासमोरच. "नीट झालंय. आन् ऐका, ह्या भागातलं काम पुन्हा तुमच्याकडं यायचं असंल तर ह्या पोरीनं वाचल्याबिगर छापायचं न्हाई. व्हय. तीच. नववीवाली."

त्या एका फोनवर माझी खोली राहिली.

वहिनींचं काय झालं ते मी वरच्या मजल्यावरून येणाऱ्या आवाजांवरून नाही, न येणाऱ्या आवाजांवरून ओळखलं. मालकांनी सुनेशी बोलणं बंद केलं. चहा हवा असेल तर मला सांगायचे, "वर सांग." नवरा त्यांचा भला माणूस, म्हणजे काहीच न बोलणारा. दिवाळीला लेक एकटीच आली, जावईबापू आले नाहीत, आणि त्याचं खापर वर्षभर वहिनींच्या डोक्यावर. एका चुकीच्या प्रोग्रामबद्दल रुसायचा हक्क ज्याने तो लिहिला त्यालाच मिळाला.

पण प्रोग्राम दुरुस्त करायला हवाच होता, आणि जावई आता फोन घेत नव्हते. तेव्हा मालकांनी भिंतीकडे बघत सांगितलं, "कुणाला येत असेल तर बघावं." तेव्हापासून दुपारची भांडी झाली की वहिनी खाली यायच्या. मला शेजारी बसवायच्या. मी म्हटलं, "मला नाही येणार, मी नववीच." त्या म्हणाल्या, "तुला वडाप माहीत आहे ना?"

वडाप म्हणजे आमच्या चौकातून माणसं भरून गावोगाव जाणाऱ्या जीपा.

"समज लग्नाला जायला तीन जीपा सांगितल्या," वहिनी म्हणाल्या. "वडापवाला काय करतो? पहिली कोंबून भरतो. दुसरी कोंबून भरतो. तिसऱ्या जीपमध्ये एकटं म्हातारं. हा जावयांचा दुसरा प्रोग्राम. मग कुणीतरी हुशार येतो, डोकी मोजतो, तीनने भागतो, आणि जिथं आकडा भरेल तिथं दार लावतो. आई एका जीपमध्ये, तान्हं पोर दुसऱ्या. हा तिसरा."

"मग कसं करायचं?"

"आधी कोण कुणाला सोडून बसणार नाही ते ठरवायचं. मग वेगवेगळ्या तऱ्हेने बसवून बघायचं. प्रत्येक जीपमध्ये किती जागा रिकामी राहते ते बघायचं. एकाच जीपमध्ये सहा जागा रिकाम्या हे लय वाईट. तीन जीपांत दोन दोन, ते चालतं. म्हणून रिकाम्या जागेला त्याच जागेने गुणायचं. सहाला सहाने, दोनला दोनने. मग मोठी चूक खूप मोठी दिसते, आणि मशीन आपोआप ती टाळतं."

मला पहिल्यांदाच गुणाकार कशाला असतो ते कळलं. शाळेत कुणी जीप आणली नव्हती.

मग त्यांनी दाखवलं की जावई बटणं मोजत होते. "श्री" डोळ्याला एक अक्षर, मशीनला चार. त्यामुळे सारख्या वाटणाऱ्या ओळी कधी सारख्या नव्हत्याच. माणसांचं वजन न करता चपला मोजल्यासारखं. आम्ही मोजणं बदललं, अक्षराची छापल्यावरची रुंदी घेतली. मग वहिनींनी एक बटण दाबलं आणि कै. आणि नाव यांच्यामध्ये एक जागा टाकली. दिसायला तशीच मोकळी जागा, नेहमीसारखी.

"ही तुटत नाही," त्या म्हणाल्या. "मशीनला इथं तोडता येत नाही. श्री., सौ., चि., कै., हुद्दा, सगळ्यांच्या पुढं ही टाकायची. गिऱ्हाईक टाकणार नाही, म्हणून आपला प्रोग्राम टाकेल. ते सगळे शब्द कुठले, ते तू सांग. तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत."

मी सांगत गेले, त्या टाकत गेल्या. मग एके दिवशी त्या उठून म्हणाल्या, "आता तू टाक," आणि खुर्ची मला दिली. चुकेल म्हणून आधी बटण दहा वेळा बघितलं, मग दाबलं. त्या शेजारी उभ्या राहून मटार सोलत होत्या आणि हसत नव्हत्या.

तो प्रोग्राम अजून त्या दुकानात चालतो. येणाऱ्या गिऱ्हाइकाला मालक अजून सांगतात की आमच्या जावयांनी बनवला, पुण्याला मोठ्या कंपनीत आहेत. पुढच्या दिवाळीला जावईबापू परत आले, जेवले, बोटं पुसत म्हणाले, "चालतंय ना नीट?" मालक म्हणाले, "एक नंबर." वहिनी वाढत होत्या. मी खिडकीतून ऐकलं आणि माझ्या तोंडात जे आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. आमच्याकडच्या शिव्या तशाही इकडच्या लोकांना कळत नाहीत.

पुढे काकांच्या ओळखीने मला सातारला काम लागलं, दिव्यांच्या पाट्या बनवणाऱ्या एका छोट्या ठिकाणी, ज्यांवर अक्षरं सरकतात. तिथे मराठी ओळी पाडायचा प्रोग्राम मी बघते. लोकांना वाटतं मी काहीतरी शिकून आले. मी नाही सांगत की नववी. वहिनींनी आपण इंजिनिअर आहोत हे कधी सांगितलं नाही, मग मी माझी नववी कशाला सांगू. पण रस्त्याने जाताना माझी नजर अजून प्रत्येक फ्लेक्सच्या ओळींच्या शेवटी जाते. एस.टी.त बसले तरी. कुणाच्या तरी नावाला कुणाचं तरी मरण चिकटलंय का, ते बघते. काहीच सापडलं नाही की मग श्वास सोडते. हा आजार मला त्या महिन्यात लागला आणि तो जाईल असं वाटत नाही. बाबांनाही आता मीच फोन करते, जिवंत आहे म्हणून.

वहिनी अजून विश्रामबागेत वरच्या मजल्यावर आहेत. कधी बोलणं झालं की विचारतात, "रुंदीच मोजतेस ना, बटणं नाही?" मी हो म्हणते. त्या पुढे काही मागत नाहीत. त्यांनी आयुष्यात कुणाकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही, आणि त्या घराला ते फार सोयीचं पडलं आहे.

म्हणून मी न मागता ठरवलं आहे. मी स्वतःचं दुकान टाकीन. मोठं नाही, दोन खुर्च्यांचं. त्यातली मशीनसमोरची खुर्ची त्यांची. दारावरची पाटी मी करीन, त्यांच्या डिग्रीवर आहे त्या माहेरच्या नावाची, एकाच ओळीत, दोन्ही बाजूंना भरपूर मोकळी जागा सोडून. आणि नाव आणि आडनाव यांच्यामध्ये ती जागा टाकीन जी कुणाला तोडता येत नाही. वहिनी, उशीर लागेल, पण हे मी फेडीन.